वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतले पोलीस, त्यांचा बळाचा वापर आणि त्यांचं बजेट

मागच्या अंकात जॉर्ज फ्लॉइड खटल्यावर अर्ध्या पानाचं टिपण आलं होतं. मिनियापोलिसमध्ये २५ मे २०२० ला वीस डॉलरच्या खोट्या नोटेच्या संशयावरून पकडलेल्या माणसाच्या मानेवर डेरेक शॉव्हिन हा पोलीस नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा रोवून बसला, माणूस जागीच गेल्यातजमा, आणि शॉव्हिनला राज्याच्या कोर्टात साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली, एवढंच त्यात होतं. त्यावर जे प्रश्न आलेत त्यातले निम्मे रागाने लिहिलेत आणि निम्मे काळजीने, कारण बऱ्याच जणांची मुलं-सुना तिकडे आहेत. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, निवडक घेतोय.

प्रश्न : शॉव्हिनला शिक्षा झाली ती अख्ख्या जगाने व्हिडिओ बघितला म्हणून. एरवी तिकडचे पोलीस सुटतातच. कायदा नक्की काय म्हणतो?

उत्तर : कायद्याचा बराचसा भाग सुप्रीम कोर्टाच्या दोन निकालांत आहे. पहिला १९८५ चा, टेनेसी विरुद्ध गार्नर. मेम्फिसमध्ये १९७४ साली रात्री घरफोडीच्या फोनवर पोलीस गेला, परसात पंधरा वर्षांचा मुलगा कुंपणावर चढून पळत होता, पोलिसाला तो निःशस्त्र आहे हे जवळपास दिसत होतं, तरी गोळी घातली डोक्यात. मुलाकडे सापडलं काय तर एक पर्स आणि दहा डॉलर. तेव्हाच्या टेनेसीच्या कायद्यात पळणाऱ्या आरोपीवर गोळी चालायची, कोर्टाने म्हटलं नाही चालणार, त्याच्यापासून कुणाच्या जिवाला धोका आहे असं मानायला सबळ कारण पाहिजे.

दुसरा १९८९ चा, ग्रॅहम विरुद्ध कॉनर, आणि आजही प्रत्येक खटल्यात वकील पहिल्यांदा याचंच नाव घेतात. गोष्ट नीट सांगतो कारण ती ऐकल्याशिवाय नियमातली गंमत (गंमत कसली) कळत नाही. नॉर्थ कॅरोलायनातलं शार्लट, १९८४. डेथॉर्न ग्रॅहम हा डायबेटिसचा पेशंट, साखर उतरायला लागली म्हणून मित्राला म्हणाला गाडी काढ, संत्र्याचा ज्यूस घेऊ. दुकानात शिरला तर काउंटरवर ही रांग, म्हणून घाईघाईने बाहेर आला आणि मित्राला म्हणाला दुसऱ्या मित्राकडे चल. पोलिसाने हे आत जाणं-बाहेर येणं बघितलं आणि गाडी थांबवली. मित्र सांगतोय की याची शुगर डाऊन झालीय, तरी थांबा म्हणाला, दुकानात काही झालंय का ते बघतो. ग्रॅहम गाडीतून उतरला, गाडीभोवती दोन फेऱ्या धावला, फुटपाथच्या कडेला बसला आणि थोडा वेळ बेशुद्धच झाला. मग आणखी पोलीस आले, बेड्या घट्ट आवळल्या, एक जण म्हणाला डायबेटिसवाले पुष्कळ पाहिलेत हा दारू प्यायलाय. तो म्हणतोय पाकिटात डायबेटिसचं कार्ड आहे बघा, तर गप्प बस म्हणून तोंड बॉनेटवर आपटलं. एका ओळखीच्याने ज्यूस आणून दिला तोही पिऊ दिला नाही. शेवटी दुकानातून निरोप आला की काहीच झालेलं नाही, मग घरी नेऊन सोडलं. पाय मोडलेला, मनगटं कापलेली, खांद्याला मार, कानात कायमचा आवाज.

या माणसाच्या खटल्यात कोर्टाने नियम काय घालून दिला तर बळाचा वापर योग्य होता का हे त्या जागी उभ्या असलेल्या एखाद्या समंजस पोलिसाच्या नजरेने बघायचं, नंतर शांतपणे घरी बसून विचार करणाऱ्याच्या नजरेने नाही, आणि पोलिसाच्या मनात द्वेष होता का वगैरेही बघायचं नाही. ऐकायला अगदी रास्त वाटतं. आणि काही अंशी आहेही, कारण सेकंदात निर्णय घ्यावे लागतात हे खरंच आहे. पण होतं असं की ज्युरीसमोर पोलीस म्हणतो मला वाटलं तो कमरेला हात घालतोय, आणि तिथे उभं नसलेल्या बारा माणसांना त्याच्या जागी उभं राहायला सांगितलं जातं. मग सुटतो.

कित्येक वर्षं काही कोर्टं तर फक्त गोळी झाडली त्या क्षणापुरतंच बघायची, आधी पोलिसाने स्वतःच ती वेळ आणली का हे विचारायचंच नाही. ते आता बंद झालं. ह्युस्टनजवळ टोल चुकवल्याच्या नोंदीवरून एक गाडी थांबवली, गाडी हलायला लागल्यावर पोलीस दारापाशी पायरीवर चढला आणि दोनेक सेकंदांत गोळ्या झाडल्या, ड्रायव्हर मेला. त्या खटल्यात मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की आधीपासूनचं सगळं बघा. हा मोठा बदल आहे, पेपरात आला तेव्हा फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

प्रश्न : फ्लॉइडच्या घरच्यांना भरपाई मिळाली म्हणे. ती पोलिसाच्या पगारातून कापतात का?

उत्तर : नाही हो. मिनियापोलिस शहराने २ कोटी ७० लाख डॉलर दिले, शहराच्या म्हणजे तिथल्या लोकांच्या पैशातून. माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि हिच्यावर सगळ्यात कमी भांडण होतं, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठातल्या कायद्याच्या प्राध्यापक जोॲना श्वार्ट्झ यांनी ८१ ठिकाणच्या पोलीस खात्यांचा २००६ ते २०११ चा हिशोब काढला. पोलिसांच्या गैरवर्तनाबद्दल फिर्यादींना जेवढे पैसे मिळाले त्यातला पोलिसांनी स्वतःच्या खिशातून दिलेला भाग होता ०.०२ टक्के. म्हणजे शंभर डॉलरमागे दोन सेंट. बाकी सगळं शहराचं. आणि कित्येक मोठ्या शहरांत हे पैसे पोलीस खात्याच्या बजेटमधूनही जात नाहीत, ते जातात शहराच्या सर्वसाधारण तिजोरीतून. आता विचार करा, अशा शहरातला पोलीस कमिशनर वर्षअखेरीला आपलं बजेट बघतो तेव्हा त्यात त्या मारहाणीचा एक पैसाही दिसत नाही, एखाद्या माणसाविरुद्ध सहा तक्रारी आणि तीन सेटलमेंट झाल्या तरी त्याच्या वरिष्ठाच्या हिशोबात फरक शून्य, मग त्याला गस्तीवरून उचलून टेबलावर बसवायची घाई कुणाला असेल? घरात एकाने काच फोडायची आणि बिल शेजाऱ्याच्या नावावर यायचं, असा कारभार आहे.

त्यात वर क्वालिफाइड इम्युनिटी. दिवाणी दाव्यात पोलीस म्हणू शकतो की मी जे केलं ते घटनाबाह्य आहे असं आधीच्या एखाद्या निकालात स्पष्ट ठरलेलं नव्हतं. आणि 'स्पष्ट' म्हणजे किती स्पष्ट ते बघा. नॅशविलमध्ये एक माणूस शरण येऊन हात वर करून बसला होता, त्याच्यावर पोलिसाने कुत्रा सोडला. आधीचा एक निकाल होता की शरण आलेल्यावर कुत्रा सोडणं बेकायदा, पण त्यातला माणूस आडवा पडलेला होता आणि हा बसलेला, म्हणून कोर्टाने संरक्षण दिलं, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते प्रकरण ऐकायलाही नकार दिला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय.

कोलोराडोने २०२० मध्ये यावर उपाय काढला. राज्याच्या कोर्टात ही ढाल चालणार नाही, आणि पोलीस वाईट हेतूने वागला असं त्याच्याच खात्याला वाटलं तर रकमेच्या ५ टक्के किंवा २५ हजार डॉलर यातलं जे कमी ते त्याने स्वतः भरायचं. रक्कम लहान आहे, पण निदान खिशाशी संबंध तरी जोडला.

प्रश्न : आता सगळ्या पोलिसांच्या छातीवर कॅमेरे असतात. मग प्रश्न उरतोच कुठे?

उत्तर : वॉशिंग्टन डीसीत दोन हजारांहून जास्त पोलिसांवर प्रयोग केला, निम्म्यांना कॅमेरे, निम्म्यांना नाही. २०१७ मध्ये निष्कर्ष आला : बळाच्या वापरात मोजता येण्यासारखा फरक नाही. मेम्फिसमध्ये जानेवारी २०२३ मध्ये पोलिसांनी टायर निकल्स या तरुणाला मारहाण केली (त्यात तो गेला) तेव्हा कॅमेरे चालू होते आणि मारणाऱ्यांना ते माहीत होतं, सगळ्यात स्पष्ट चित्रण तर खांबावरच्या कॅमेऱ्यात मिळालं. कॅमेऱ्याचा उपयोग नंतर खटल्यात होतो. आधी थांबवायला नाही.

प्रश्न : "डिफंड द पोलीस" म्हणत होते त्याचं पुढे काय झालं? खरंच कुठे पोलिसांचे पैसे कापले का? की नुसतेच मोर्चे?

उत्तर : मोर्चे जास्त, कात्री कमी. मागणी करणाऱ्यांतही दोन गट होते, एकाला पोलीस खातंच नको होतं आणि दुसऱ्याचं म्हणणं की काही कामं आणि त्या कामांचे पैसे काढून समुपदेशक, घरांची सोय, तरुणांचे उपक्रम यांना द्या. टीव्हीवर दोघं एकच दिसायचे.

मिनियापोलिसमध्ये ७ जून २०२० ला पावडरहॉर्न पार्कात तेरापैकी नऊ कौन्सिल मेंबर स्टेजवर उभे राहिले आणि म्हणाले हे खातं मोडणार. पण शहराच्या सनदेतच लिहिलंय की लोकसंख्येच्या प्रमाणात किमान इतके पोलीस ठेवायचे, ते बदलायला मतदान लागतं. डिसेंबरात बजेटमधून कापले किती तर जवळपास ८० लाख डॉलर, एकूण १७ कोटींच्या वरचं बजेट. नोव्हेंबर २०२१ मध्ये मतदान झालं, साधारण ५६ टक्के लोकांनी नाही म्हटलं. आणि हे लक्षात घ्या की पोलीस कमी पडतायत म्हणून शहरावर दावा ठोकणारे लोक नॉर्थ साइडचे रहिवासी होते, जिथे काळी वस्ती मोठी आहे आणि गोळीबारही जास्त. २०२२ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ७३१ पोलीस हवेतच. प्रत्यक्षात तोवर फौज सहाशेच्या आसपास आली होती, बजेट कापल्यामुळे नाही तर लोक स्वतःच राजीनामे देऊन, मानसिक आघाताचे क्लेम लावून निघून गेले म्हणून. २०२४ मध्ये मग टिकवून ठेवायला तीन वर्षांत सुमारे २२ टक्के पगारवाढ द्यावी लागली. ज्या शहराने खातं मोडायची घोषणा केली तिथेच.

टेक्सासमधल्या ऑस्टिनने मात्र खरंच मोठा आकडा धरला होता, १५ कोटी डॉलर, बजेटचा जवळपास तिसरा हिस्सा, त्यातले लगेच कापले फक्त दोनेक कोटी, बाकी कामं दुसरीकडे वळवायची होती. २०२१ मध्ये टेक्सासने कायदाच केला की अडीच लाखांवर वस्तीच्या शहराने पोलिसांचं बजेट कमी केलं तर राज्य त्याला दंड लावणार. झालं, त्याच वर्षी ऑस्टिनचं पोलीस बजेट ४४ कोटींवर, पूर्वीपेक्षा जास्त. न्यूयॉर्कने एक अब्ज कापले म्हणून जाहीर केलं, त्यातला मोठा भाग शाळांतले सुरक्षारक्षक दुसऱ्या खात्याच्या नावावर दाखवणं आणि ओव्हरटाइम कमी होईल असं कागदावर धरणं. ओव्हरटाइम कधी कागद बघून कमी होतो का.

प्रश्न : पण २०२० मध्ये तिकडे खून किती वाढले! पोलिसांना नावं ठेवल्याचा परिणाम नाही का हा?

उत्तर : खून जवळपास ३० टक्क्यांनी वाढले, एका वर्षात इतकी वाढ आधी नोंदलेली नव्हती. पण वाढले सगळीकडे, ज्या शहरांनी बजेट वाढवलं तिथेही आणि खेड्यापाड्यांतही. कोविड, बंदूकखरेदीचा पूर, फ्लॉइडनंतर लोकांचा आणि पोलिसांचा तुटलेला संबंध, सगळं एकत्र. २०२३ आणि २०२४ मध्ये खून धडाधड खाली आले, तेव्हा बऱ्याच शहरांत पोलीस २०१९ पेक्षा कमीच होते.

मात्र दुसऱ्या बाजूच्या लोकांना न आवडणारी गोष्टही सांगायलाच हवी. जास्त पोलीस असले तर खून कमी होतात याला चांगला पुरावा आहे. मोठ्या शहरांच्या काही दशकांच्या आकड्यांवरून अर्थशास्त्रज्ञांनी काढलंय की दर दहा ते सतरा नव्या पोलिसांमागे वर्षाला एक खून टळतो, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात बघितलं तर वाचणारे काळे लोक जास्त असतात. त्याच अभ्यासात हेही आहे की तेच जास्तीचे पोलीस फुटकळ गुन्ह्यांत काळ्या लोकांनाच जास्त पकडतात. एकाच माणसाच्या वस्तीत दोन्ही होतं, म्हणून नॉर्थ मिनियापोलिसची माणसं एकाच वेळी पोलिसांवर चिडलेली असतात आणि जास्त पोलीस द्या म्हणून कोर्टातही जातात. यात विसंगती काही नाही.

प्रश्न : मी निवृत्त पोलीस कर्मचारी. तुमच्यासारखे लेखक एसीत बसून पोलिसांना शहाणपण शिकवतात. तिकडे प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल, पोलिसाने काय करायचं? त्याची बाजू पण छापा.

उत्तर : छापतो काका, आणि मनापासून. २०२१ मध्ये अमेरिकेत ७३ पोलिसांना जाणूनबुजून मारलं गेलं. गाडी थांबवली की खिडकीपाशी चालत जायचं आणि आत काय आहे ते माहीत नाही, ही रोजची ड्यूटी. देशात पोलीस खातीच सुमारे १८ हजार, कुठे तीस हजारांवर पोलीस तर कुठे फक्त चार जण, ट्रेनिंग सरासरी वीसेक आठवड्यांचं, आणि मग वेड लागलेला, दारू प्यायलेला, रस्त्यावर झोपलेला, शाळेत दंगा करणारा पोरगा, सगळे फोन याच माणसाकडे. ही कामं त्याने मागितली नव्हती. दवाखाने बंद केले ते दुसऱ्याच कुणीतरी.

आणि न्यू जर्सीतल्या कॅम्डनचं उदाहरण तर तुमच्या बाजूने जातं. डिफंडवाले ते फार द्यायचे, की बघा २०१३ मध्ये कॅम्डनने पोलीस खातंच बरखास्त केलं आणि खून २०१२ मधल्या ६७ वरून २०१९ मध्ये २५ वर आले. पण तिथे झालं काय तर जुना युनियन करार मोडून कमी खर्चात जास्त पोलीस भरले, त्यांना पायी गस्तीला लावलं आणि २०१९ मध्ये बळाच्या वापराचे कडक नियम केले, गोळी शेवटचा पर्याय, आणि सहकारी चुकत असेल तर त्याला अडवणं ही ड्यूटी. फ्लॉइडच्या वेळी शेजारी तीन पोलीस होते, त्यातल्या कुणी शॉव्हिनला हाताला धरून उठवलं असतं तर हा स्तंभ लिहावा लागला नसता.

प्रश्न : आम्ही दोघं पुढच्या महिन्यात सहा महिन्यांसाठी मुलाकडे चाललोय. इंग्लिश जेमतेम. यांना सकाळी फिरायची सवय. मुलगा म्हणतो काही होत नाही, पण भीती वाटते.

उत्तर : ताई, मुलगा बहुतांशी बरोबर आहे, लाखो आईवडील जातात, फिरतात, काही होत नाही. पण तुमची भीतीही हवेतली नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसनमध्ये गुजरातेतून नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे आजोबा मुलाच्या कॉलनीत सकाळी फिरत होते. कुणीतरी फोन केला की एक बारकासा काळा माणूस घरांच्या आसपास फिरतोय. पोलीस आले, आजोबा "नो इंग्लिश", "इंडिया" म्हणत मुलाच्या घराकडे बोट दाखवत होते. एकाने हात मागे धरून जमिनीवर आपटलं, मणक्याचं ऑपरेशन करावं लागलं, अंगाचा काही भाग लुळा पडला. सगळं गाडीच्या कॅमेऱ्यात. दोन वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही, मग जज्जनी पोलिसाला सोडून दिलं, तो कामावर परत आला. शहराने २०२१ मध्ये साडेसतरा लाख डॉलर दिले. (कुणाच्या पैशातून ते वर सांगितलंच.)

काय करायचं : पहिल्या आठवड्यात मुलाने शेजाऱ्यांशी ओळख करून द्यावी, हे सगळ्यात कामाचं, कारण फोन शेजारीच करतात. गळ्यात किंवा वरच्या खिशात पत्ता, मुलाचा नंबर आणि "आय डोंट स्पीक इंग्लिश" लिहिलेलं कार्ड. पोलिसांनी थांबवलं तर थांबायचं, चालत राहायचं नाही, त्यांच्या अंगावर हात टाकायचा नाही, आणि मुख्य म्हणजे कार्ड काढायला झटकन खिशात हात घालायचा नाही, आधी बोटाने दाखवायचं. गाडीत असाल तर हात दिसतील असे ठेवा, दार उघडून उतरू नका, आपल्याकडे साहेबाजवळ जाऊन बोलतात तसं तिथे अजिबात नाही.

प्रश्न : नाव छापू नका. माझ्या भावाचा मुलगा टेक्सासमध्ये असतो, त्याला स्किझोफ्रेनिया आहे, कधी कधी फार आक्रमक होतो. भाऊ विचारतो ९११ (तिकडचा आणीबाणीचा नंबर) लावावं का? पोलीस येऊन गोळी घालतील याची धास्ती वाटते.

उत्तर : कुणाच्या जिवावर बेततंय, हातात सुरी वगैरे आहे, तर ९११ च. तसं नसेल तर आधी ९८८. हा नंबर जुलै २०२२ पासून देशभर चालू आहे, मानसिक संकटासाठीच, फोन किंवा मेसेज दोन्ही चालतं, आणि बहुतेक वेळा प्रकरण फोनवरच निवतं.

९११ लावलंच तर पहिल्या वाक्यात सांगायचं की हा मानसिक आजाराचा पेशंट आहे, आजाराचं नाव, औषधं चालू की बंद, आणि हत्यार आहे की नाही. मग सीआयटी (मानसिक संकट हाताळायचं) ट्रेनिंग झालेला ऑफिसर पाठवा म्हणायचं. मेम्फिसमध्ये १९८८ मध्ये हे ट्रेनिंग सुरू झालं, आजारी माणसाशी आवाज न चढवता, अंतर ठेवून, वेळ घेऊन बोलायचं, आता बऱ्याच शहरांत असे पोलीस असतात. काही ठिकाणी पोलिसांऐवजी दुसरीच टीम येते, डेन्व्हरमध्ये २०२० पासून व्हॅनमधून समुपदेशक आणि पॅरामेडिक जातात, आणि तिथे फुटकळ गुन्ह्यांच्या नोंदी तिसऱ्या हिश्श्याने कमी झाल्या असं अभ्यासात निघालं. या पद्धतीची सुरुवात जिथे १९८९ मध्ये झाली ते ओरेगॉनमधलं युजीन, तिथली सेवा मात्र एप्रिल २०२५ मध्ये पैशाअभावी बंद पडली. तेव्हा भावाने आपल्या शहरात आज काय चालू आहे ते आत्ताच, सगळं शांत असताना, शहराच्या साध्या चौकशी नंबरवर फोन करून विचारून ठेवावं. पोलीस आले तर घरातल्या एकाने बाहेर जाऊन, रिकामे हात दाखवत, आत कोण आहे ते सांगावं, आणि त्याआधी स्वयंपाकघरातल्या सुऱ्या उचलून गाडीच्या डिकीत टाकाव्यात.